मुठीतली सिरिंज

यायचे होते शंकरप्पा. ऐन एप्रिलात प्रयोगशाळेतल्या एसीनं मान टाकली, तेव्हा रुद्राणीनं त्यांनाच फोन केला होता. पण शंकरप्पांना ताप भरला आणि सोमवारी दारात उभा राहिला त्यांचा पुतण्या, सोमशेखर. सोलापूरचं ते ऊन, आणि या बाबाचा शर्ट लांब बाह्यांचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला!

"ह्या मशीनमधनं काय छापता, मॅडम?" शिडीवरून त्यानं विचारलं.

"कातडी," ती म्हणाली. "भाजलेल्या माणसांसाठी. म्हणजे... अजून नाही. आत्ता नुसती जेलची जाळी. तिच्यात पुढं जिवंत पेशी राहायच्या आहेत. जेल चोवीस अंशांवर असलं तर धार नीट पडते. जरा गरम झालं की पसरतं, थंड झालं की गुठळ्या."

"आन् पसरलं तर?"

"शुक्रवारी तपासणी आहे. जाळी टिकली तर पुढच्या चाचण्यांसाठी सहा महिने पुण्याला. नाही टिकली तर प्रकल्प बंद, आणि मी मोहोळला, घरी."

"मोहोळ काय... एसटीनं तासाभरावर," तो पुटपुटला. तिनं ते ऐकलं आणि उगाचच चष्मा पुसत बसली.

एसी सुरू झाला. जाळी मात्र पसरतच राहिली. काम संपलं तरी सोमशेखर रोज दुपारी यायचा – कधी गॅस बघायला, कधी नुसतंच "आवाज येतोय का" विचारायला. आवाज येत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती जेलची सिरिंज चोवीस अंशांच्या पाण्यातून काढून मशीनला लावायची, आणि तो स्टुलावर बसून तिचे हात बघत राहायचा. कुणी आपल्याकडे इतकं लक्ष देऊन बघावं याची तिला सवय नव्हती, पण आवडत होतं.

गुरुवारी सातवी जाळीही पसरली आणि तिचे डोळे भरून आले.

सोमशेखर उठला. "सिरिंज ठेवा खाली. मूठ मिटा." तापमापकाची बारीक तार त्यानं तिच्या मुठीत दिली. आकडा चढत गेला आणि चौतिसावर थांबला.

"पाण्यातनं काढल्यावर बुडबुडे जाईस्तोवर पाच मिनिटं मुठीत धरता तुमी. मशीन चोवीस दाखवतंय, पण आतलं जेल चोवीस न्हाय."

"पडू नये म्हणून... जपूनच धरते की!"

"लई जपता. तितंच बिघडतंय."

पिशवीतून त्यानं एक कोरा टॉवेल काढला, इथल्याच मागावरचा, आणि घडी करून तिच्यापुढे ठेवला. आठवी सिरिंज त्या घडीत राहिली. धार निघाली... बारीक, सरळ, शेवटच्या थरापर्यंत. जाळीचा चौकोन न् चौकोन उघडा. रुद्राणीला हसावं की रडावं कळेना.

"काल कळलं हुतं मला," तो खाली बघत म्हणाला. "बोललो न्हाय."

"काल?" तिचा आवाज चढला. "काल माझ्या तीन जाळ्या वाया गेल्या! का नाही बोललात?"

"मोहोळ जवळ हाय... पुणं लांब." मग डाव्या बाहीची बटणं काढून त्यानं बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती. "चार वर्षं झाली. कॉम्प्रेसर फुटला हुता. आज सकाळी आंघोळीला शर्ट काढला, हे बघितलं, आन् लाज वाटली. माझ्यासारखे किती असतील... तुमी जायलाच पायजे. पण तुमी मला आवडता, हे बी खरं हाय."

रुद्राणीचा राग लगेच गेला नाही. राग होता, आणि त्याच्याखाली दुसरंही काही होतं, जे सोमवारपासूनच होतं.

"ह्या हातापर्यंत पोचायला अजून खूप वर्षं लागतील," ती हळूच म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं.

"म्हाईत हाय."

"पुण्याला मात्र सहाच महिने. मोजून सहा." तिनं त्याचा तो हात हातात घेतला.

तो हात ओढून घेणार होता, पण ओढला नाही. "तुमचा हात गरम हाय," तो कसाबसा म्हणाला. "बिघडंल की, मॅडम..."

"मॅडम नाही. रुद्राणी," ती म्हणाली, आणि तिनं मूठ घट्ट मिटली.