काका आले की बेल वाजते

"आजोबा, पुन्हा दाबा," ताई म्हणाली.

आजोबांनी गळ्यातलं लाल बटण दाबलं. ते दाबलं की अंगणापलीकडच्या काकांच्या कारखान्यात फोनला जोडलेली पेटी मशीनच्या घरघरीतही ऐकू जाईल अशी ठणाणा वाजायला हवी. पण कारखान्याच्या दारात उभ्या ढब्बूनं नुसती मान हलवली. पेटी गप्पच!

खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबा कधी पडलेच, तर त्यांना एकट्यानं उठता आलं नसतं. काकू दिवसभर कामावर असायची. म्हणजे सगळी भिस्त त्या बटणावर.

ढब्बूनं काकांना बोलावून आणलं. त्यांनी हात पुसत पुसत बटण दाबलं. पेटी खणखणीत वाजली.

"तिसऱ्यांदा!" काका वैतागले. "पुन्हा लांडगा आला रे करत याल तर याद राखा. पेटी मी स्वतः बसवलीय."

काका वेताच्या खुर्च्या विणायचे. लोंबकळणारी वायर त्यांना बघवतच नसे. आपल्याला नीट ऐकू यावी म्हणून त्यांनी पेटी मशीनच्या डोक्यावर टांगली होती, आणि फोनची वायर मशीनच्या वायरींबरोबर गुंफून सुंदर तीनपदरी वेणी घातली होती. पाहुण्यांना ते ती कौतुकानं दाखवत.

काका गेले. वेत सोलायचं मशीन पुन्हा घरघरू लागलं. आजोबा भिंत धरत न्हाणीघरात गेले.

"पेटी काकांना घाबरते," धाकटी चिंगी म्हणाली.

ढब्बू फिदीफिदी हसला. ताई मात्र हसली नाही. "काका आले की वाजते, गेले की मुकी. इकडे येण्याआधी काका काय करतात?"

"हात पुसतात."

"त्याच्याही आधी?"

ढब्बूचं हसू विरलं. "मशीन बंद करतात."

तेवढ्यात न्हाणीघरातून धप्प आवाज आला.

तिघं धावली. दाराला आतून कडी होती. "आजोबा!"

"पाय घसरला गं," आतून क्षीण आवाज आला. "उठता येत नाहीये."

"बटण दाबा!"

"केव्हाचा दाबतोय."

चिंगी रडकुंडीला आली. "तू इथंच थांब, त्यांच्याशी बोलत राहा," ताईनं बजावलं आणि ढब्बूला घेऊन ती कारखान्याकडे सुटली.

काका पाठमोरे होते, कानांत कापसाचे बोळे. ढब्बूनं घसा फोडून हाका मारल्या, पण व्यर्थ. तो त्यांचा शर्ट ओढणार, इतक्यात ताईनं त्याचा हात धरला. काकांची बोटं पात्याजवळ होती. दचकले असते तर?

तिनं भिंतीवरचा मशीनचा स्विच खाली ओढला.

मशीन थांबलं. आणि डोक्यावरची पेटी जिवाच्या आकांतानं ठणाणू लागली.

"स्विचला हात कुणी..." काका गर्रकन वळले. मग त्यांनी पेटीकडे पाहिलं. त्यांचा चेहराच पडला.

पुढच्या क्षणी ते न्हाणीघराच्या दाराला खांद्यानं धक्के देत होते. कडी निखळली. आजोबा ओल्या फरशीवर बसले होते. कोपर खरचटलं होतं, पण हाड शाबूत होतं. काकांनी त्यांना अलगद उचलून बाहेर आणलं.

दुपारी फोनवाला आला. "बटण पेटीला रेडिओलहरींवरून हाक मारतं आणि या मोटरच्या ठिणग्यांनी त्या लहरींत नुसती खरखर होते. बटणाची हाक पेटीला कळणार कशी? आणि फोनची वायर विजेच्या वायरीत गुंफायची नसते. आवरण फाटलं तर फोन उचलणाऱ्यालाच झटका बसेल."

काकांनी आधी वीज बंद केली आणि आपल्या हातांनी ती वेणी सोडवली. फोनची वायर दुसऱ्या भिंतीवरून गेली, पेटी मशीनपासून लांब दाराबाहेर लागली, मोटरमध्ये ठिणग्या उडवणारे झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले.

मग काकांनी मशीन चालू करून आजोबांना हाक मारली. "दाबा, अण्णा!"

घरघर चालू असतानाच पेटी वाजली. काकांनी मशीन बंद केलं आणि ते मुलांसमोर येऊन उभे राहिले. "तीनदा सांगितलंत. मी एकदाही ऐकलं नाही. चुकलं माझं."

आजोबांनी तिघांना जवळ ओढलं. "पेटीचे कान फोनवाल्यानं दुरुस्त केले," ते काकांना म्हणाले. "तुझे मात्र या पोरांनी."