महाराणी आणि पळपुटा परीक्षक

“अरे! ही तर महाराणी!”

लिफ्टमध्ये शेजारी उभा असलेला उंच माणूस एकदम म्हणाला... तेही तिच्याकडे नाही, तिच्या हातातल्या पारदर्शक डब्याकडे बघून. डब्यात कोबीच्या पानावर एक गोगलगाय ऐसपैस पसरली होती आणि तिच्या शंखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

“तुम्ही ओळखता हिला?”

“न ओळखून कसं चालेल? डावीकडे वळणारी महाराणी. काकडी दिसली तर उजवीकडेही वळते, पण उपकार केल्यासारखी.”

हे शेवटचं वाक्य तिचंच होतं. एका व्हिडिओखाली तिने लिहिलेलं. परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना तिचे कान तापले. तिने त्याच्या गळ्यातला परिषदेचा बिल्ला वाचायचा प्रयत्न केला, पण तो नेमका उलटा झाला होता.

गोगलगायी वाट कशी लक्षात ठेवतात, हा तिचा विषय. प्रयोगशाळेत जे घडेल ते ती बिनधास्त सोशल मीडियावर टाकायची. फसलेले प्रयोग, रुसलेल्या गोगलगायी, सगळं. विभागप्रमुख बाईंना हे रिकामटेकडे चाळे वाटायचे. लोकांना मात्र वेड लागलं होतं. आणि त्या लोकांत एक होता ‘आठ पाय’. कोळ्यांवर संशोधन करणारा, प्रत्येक व्हिडिओखाली नेमका खोचक प्रश्न विचारणारा. ‘दिवा डावीकडेच आहे. महाराणी वाट आठवून वळली की उजेड बघून?’ तिला असा राग आला होता! तिने दिवा हलवून अख्खा प्रयोग नव्याने केला. महाराणी तरीही डावीकडेच वळली. तेव्हापासून व्हिडिओ टाकला की ती आधी त्याचाच प्रश्न शोधायची. हे अर्थात तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पण तिने यावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका नियतकालिकाकडे पाठवला आणि थोड्याच दिवसांत हा गडी गायब झाला. त्यात संपादकांचा निरोप आला, की तो तपासणाऱ्या एका परीक्षकाने माघार घेतली आहे, नवा शोधायला वेळ लागेल. पेपर सत्र संपायच्या आत स्वीकारला गेला तरच तिची नेमणूक पुढे चालू राहणार होती. तिने चिडून लिहिलं, ‘माझी नेमणूक अडकली आहे. पळपुटा परीक्षक कुणाला सापडला तर महाराणीला कळवा.’ सगळे हळहळले. आठ पाय गप्प.

तिने आता डोळे बारीक केले. “आठ पाय?”

“सध्या दोनच आणलेत,” तो हसला. “चहा घेणार?”

बाहेर व्हरांड्यात चहाची गर्दी होती. ते खिडकीशी उभे राहिले. त्याच्या केसांवर उजेड पडला होता आणि तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवूनही ती बघत होती.

“कुठे गायब झाला होतात इतके दिवस?”

“पळालो होतो.” त्याने कप खाली ठेवला. “तो पळपुटा... मीच.”

तिने कप खिडकीत आदळला.

“पेपरवर माझं नाव नव्हतं! परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून झाकलेलं असतं ते!”

“तुमचं नाव झाकलं होतं हो. महाराणीचं नव्हतं. दुसऱ्याच पानावर लाल ठिपक्याची गोगलगाय ऐटीत डावीकडे वळली... आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.”

तिने कपाळावर हात मारला. ठिपक्याचा फोटो तिनेच हौसेने जोडला होता!

“पण ओळख पटली म्हणून लगेच माघार?”

“संपादकही म्हणाले, निःपक्षपाती राहता येत असेल तर तपासा. मी बसलो चुका शोधायला. पण वाचताना तुमचाच आवाज ऐकू यायला लागला. मग कळवलं, नाही जमणार, माझे हितसंबंध गुंतलेत.”

“कसले हितसंबंध?”

“त्यांनीही हेच विचारलं.” तो थेट तिच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, “मी सांगितलं, लेखिका मला आवडते. अजून भेटलो नाही... पण फार आवडते.”

“म्हणजे माझ्याआधी संपादकांना कळलं?”

“नियमच आहे तसा. पण माझ्यामुळे तुमची नेमणूक अडकली, याचं...”

“तुम्ही डोळे मिटून पेपर पास केला असता, तर मला कधीच कळलं नसतं की तो माझ्या जिवावर पास झाला की तुमच्या,” ती म्हणाली. “धरा ही महाराणी. आलेच.”

विभागप्रमुख बाई पलीकडेच उभ्या होत्या. ती तडक समोर गेली. “बाई, एका परीक्षकाने माघार घेतली, प्रामाणिकपणे. मला पुढच्या सत्रापर्यंत मुदत हवी. पेपर भक्कम आहे, कुणीही तपासू दे.”

“इतकी खात्री?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“दिवा हलवून पाहिलाय, बाई.”

ती नजर न हलवता उभी होती.

“बरं. दिली मुदत. भांडशील तर अशीच भांड,” त्या म्हणाल्या. “आणि तुझा डबा सांभाळत उभा आहे तो कोण?”

तिने मागे वळून पाहिलं. डबा दोन्ही हातांत धरून तो कान टवकारून ऐकत होता. आता लपवण्यात काय अर्थ?

“त्याला माझा एकही पेपर कधीच तपासता येणार नाही, बाई,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “जन्मात नाही.”

बाई चहाच्या कपाआड हसल्या आणि शहाण्यासारख्या तिथून सटकल्या.

ती खिडकीशी परत आली आणि डब्याला हात लावला, तर त्याचा चेहरा लालबुंद. आणि डब्यात महाराणी, काकडीचा मागमूस नसताना, हळूहळू उजवीकडे निघालेली... त्याच्या अंगठ्याच्या दिशेने.

“अगं बाई! ही तर माझा अख्खा पेपर खोटा पाडतेय! तूच सांग आता, काय करू?”

तो ‘तू’ त्याला नीट ऐकू गेला होता.

“मला नको विचारूस,” तो म्हणाला आणि डब्याखालून हळूच तिची बोटं धरली. “माझे हितसंबंध आहेत.”