पीडा शिवेबाहेर गेलीच नाही

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कुणाला पटवायला हे लिहीत नाही. घडलं तसं सांगते, बास.

आणि मध्यरात्र, पिंपळ, पांढरी साडी असलं काही यात नाही. भर दुपार होती. मागच्या वर्षीचा पोळ्याचा दुसरा दिवस. जागा, गोंदियाच्या बाहेर कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची एक लहानशी लॅब.

मी नूतन. बी.एस्सी. करून त्या लॅबमध्ये लागले होते. एखादं रसायन कातडीला किती इजा करतं, ते आम्ही सशांवर तपासायचो. पाठीवरचे केस मशीनने काढायचे, रसायनात भिजवलेली चौकोनी पट्टी लावायची, वरून बँडेज गुंडाळायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून कातडी बघायची.

पोळ्याच्या आधी एक निळा कॅन आला. राइस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवायच्या टाक्या असतात. त्यांच्या तळाची खपली काढायचं ते औषध होतं. टाकीत उतरून खपली घासतात बाया. उघड्या हातांनी.

माझी अल्काआत्या त्यातलीच एक. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शिकवलं.

मी पट्ट्या सोडल्या तेव्हा सशांची कातडी लाल नव्हती...

काळी पडली होती.

ससा ओरडत नाही हो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं त्याचं असतं. फार घाबरला तर मागचा पाय पिंजऱ्यावर आपटतो. धप्प. एवढंच.

एकेक करून सगळे मेले.

आमचे हिमांशू सर म्हणाले, "मॅडम, ये बॅच भूल जाओ. नवे ससे आलेत. पट्टीला नुसतं पाणी लावा. मिलचे शेठ बघायला येणार आहेत, त्यांना साफ कातडी दिखनी चाहिए."

"आणि औषध?"

"औषध बिकेगा. आपका क्या जाता है?"

माझं काय जातं! माझ्या आत्याचे हात जातात. पण तेव्हा मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. नव्या सशांना पाण्याच्या पट्ट्या बांधल्या.

पोळ्याच्या संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या शकुंतलाबाईंनी लॅबच्या दाराशी पळसाची फांदी ठेवली. आमच्याकडे घरोघरी ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ती फांदी खोल्याखोल्यांतून फिरवायची, पीडेला आणि ती वाहून नेणाऱ्या नारबोदला हाका मारायच्या आणि थेट शिवेबाहेर नेऊन टाकायची. मध्ये थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शकुंतलाबाई फांदी घेऊन सशांच्या खोलीत शिरल्या. मी दारातच होते.

"खाज-खरूज, राई-रोग, इडा-पिडा घेऊन जा गे नारबोद!"

"बंद करो ये नाटक!"

सर नेमके लवकर आले होते. त्यांनी बाईंच्या हातातली फांदी ओढली आणि मेलेल्या सशांच्या रिकाम्या पिंजऱ्यांच्या मागे फेकून दिली.

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. "सर, आवाज देऊन बोलावलं ना जी तिले! आता शिवेबाहेर नाही नेली तं इथंच बसते ते."

सर हसले. तेव्हा हसायला जमलं त्यांना.

दुपारी मी एकटीच नव्या सशांपाशी होते.

टिक... टिक...

पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी लावलेली असते. तिच्या नळीत लोखंडी गोळी असते. ससा चाटायला लागला की ती वाजते.

नवे ससे पाणी पीत नव्हते. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले होते. कान ताठ.

मी वळून पाहिलं...

रिकाम्या पिंजऱ्याच्या बाटलीत बुडबुडे चढत होते. पाणी खाली जात होतं.

मग...

धप्प.

मी ओरडून शकुंतलाबाईंना बोलावलं. त्यांनीही ऐकलं. माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "चाला नूतनबाई, फांदी नेऊन टाकू. नेली का थांबून जाईल."

मी फांदी उचलली. फाटकापर्यंत धावत गेले. आणि पाय थांबले. समोर शेतं, शेतांच्या पलीकडे त्याच शेठच्या मिलचं धुराडं. आत्या तिथेच होती.

"काऊन थांबल्या?"

"नाही नेत मी."

"कायले?"

"इथली पीडा इथंच राहू द्या बाई. शिवेबाहेर गेली तर कोणाच्या हातावर बसेल, सांगा?"

मी परत गेले. फांदी पिंजऱ्यांमागे ठेवली. राग भीतीपेक्षा मोठा होता. त्या रिकाम्या पिंजऱ्यांना मी मोठ्यानं म्हणाले, "तुम्हाला मीच पट्ट्या बांधल्या. काम होतं माझं. पण मेल्यावर तुम्हाला खोटं पाडणार नाही!"

टिकटिक थांबली.

शेठ आले. सरांनी पाण्याच्या पट्ट्या सोडून गुलाबी, साफ कातड्या दाखवल्या. "बताइए मॅडम, काही त्रास नाही ना?"

"त्रास कशानं होईल? हे पाणी आहे," मी म्हणाले. "निळ्या कॅनमधलं औषध ज्यांना लावलं ते सगळे मेले."

सरांचा चेहरा पडला. पण सावरून हसले. "मेले? कुठे आहेत? दिखाओ ना!"

धप्प.

धप्प. धप्प. धप्प.

सगळे रिकामे पिंजरे एकदम.

पत्र्याचे दरवाजे खडखडत होते. आत काहीच नव्हतं. शेठ भिंत धरत बाहेर पडले आणि थेट गाडीत जाऊन बसले.

माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. गेली तर गेली!

मला वाटलं, संपलं. पण पैशापुढे भीती किती दिवस टिकते? दिवाळीनंतर जेवताना आत्या म्हणाली, "मिलमध्ये नवीन औषध आलं म्हणे. निळा कॅन आहे."

हातातला घास मी ताटात ठेवला. "लावलं तू?"

"कोणी उतरूनच नाही राहिलं टाकीत! कॅन उघडला का रिकाम्या टाकीतून वाजते. कोणी पाय आपटल्यावाणी. मुकादम म्हणते, भगत आणून बांधून टाकू."

मी आत्याला सशांबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

"भगत नको आत्या. सगळ्या बायांना सांग. वाजून राहिलं तर वाजू द्या. कोणी उतरू नका."

"तुले का माहीत?"

मी तिच्या हातांकडे पाहत राहिले. घट्टे पडलेले, चिरा गेलेले, पण धड होते. मला रडू आलं.

आत्या हळूच म्हणाली, "पण पोरी... ते मिलमध्येच राहत नाही. काल माह्या मागं मागं घरापर्यंत आलं."

ते ससे आमच्या बाजूचे आहेत की माझ्या मागावर आहेत, मला माहीत नाही. केस काढायचं मशीन माझ्याच हातात होतं.

"येऊ दे," मी म्हणाले. "दार लावू नको."

म्हणाले खरी. पण तेव्हापासून मी दाराकडे पाठ करून झोपत नाही.