चौथ्या ओळीचा श्वास

छावणीतल्या दगडी चर्चमधला ऑर्गन वाजवायला दोन माणसं लागत. एक पुढं बसून बोटं चालवणारा आणि दुसरा मागं, लाकडी फळ्यांच्या आडोशाला, भात्याचा दांडा खाली-वर करणारा. पुढच्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी. मागच्याला कोण विचारतो? निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली, पण या कामात काडीचा फरक पडला नव्हता. पुढं पुंजाराम मास्तर बसत आणि मागं सोनाजी.

भातेवाल्यांची एक जुनी रीत होती. गीत संपलं की मागच्या फळीवर कोळशानं एक रेघ ओढायची. लिहिता-वाचता येणारं त्यांच्यात कुणी नव्हतं, म्हणून दर रविवारची रेघांची एक रांग. मास्तरांचे वडील सांडू याच भात्यावर उभे राहिले होते. ते डावखुरे, त्यामुळं त्यांच्या रेघा उलट्या बाजूला कललेल्या, लगेच ओळखू येत. काम झालं की दाराजवळच्या रांजणावर हात धुवायचे आणि मगच घरी जायचे. काळ्या हातानं भाकरीला शिवायचं नाही, अशी आवडाबाईंची, म्हणजे मास्तरांच्या आईची, सक्त ताकीद होती.

सांडूंच्या शेवटच्या रांगेत तीनच रेघा होत्या. चौथं गीत पुरं झालंच नव्हतं.

ते साथीचं साल होतं. पाद्रीसाहेबानं विलायतेहून एक नवी चाल आणली होती. आठवडाभर तो ती बसवत होता आणि सांडू ती भात्यामागून ऐकून घरी गुणगुणत होते. पण तीनच ओळी. चौथीला साहेब सगळ्या नळ्या एकदम उघडायचा, दांडा जीव खाऊन मारावा लागायचा, मग गुणगुणायला श्वास आणायचा कुठून? ‘रविवारी समदी ऐक,’ असं ते बायकोला म्हणाले. रविवारी आवडाबाई पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. तिसरी ओळ संपली आणि ऑर्गन कण्हत कण्हत बंद पडला. सांडू दांड्यापाशी तापानं फणफणून कोसळले होते. मंगळवारी ते गेले. साहेबानं ती चाल पुन्हा कधी वाजवली नाही.

आता आवडाबाई सत्तरीला टेकल्या होत्या. दम्यानं जेरीस आणलं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आठ-दहा दिवस, फार तर. बाईंचं मात्र एकच टुमणं होतं. ‘तेवढी चौथी ओळ ऐकव रे. मग मी मोकळी.’

आणि योग बघा, नाताळाआधीच्या साफसफाईत मास्तरांना ती चाल सापडली. कपाटाच्या तळाशी एक इंग्रजी स्वरलिपीचं पुस्तक निघालं. पानावर विलायतेतल्या कुठल्याशा खेड्याचं नाव, चालीचं नाव म्हणून छापलेलं. मास्तरांनी पहिले चार स्वर मनात वाचले आणि अंगावर काटा आला. बापाचा आवाज होता तो. पण पानाची खालची पट्टी वाळवीनं खाल्लेली. तीन ओळी शाबूत, चौथी गायब.

मास्तरांनी पुण्याला, मुंबईला, नागपूरला पत्रं टाकली. ही चाल कुणी ऐकलीसुद्धा नव्हती. शेवटी त्यांनी स्वतःच चौथी ओळ जुळवली आणि घरच्या पायपेटीवर आईला वाजवून दाखवली.

बाजेवर पडल्या पडल्याच आवडाबाईंनी मान हलवली. ‘हे तुझं हाय, पुंजा. ठिगळ नको लावू. ती काय गोधडी हाय व्हय?’

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मरत्या आईला फसवायला निघालो होतो, असं त्यांना वाटलं.

शनिवारी दुपारी आवडाबाई म्हणाल्या, ‘मला तिथं ने. तीनच वाजव. जिथं थांबली तिथवर तरी ने.’

टांगा केला. सोनाजीनं त्यांना उचलून पुढच्या बाकावर बसवलं आणि तो मागं भात्यावर गेला. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे फरशीवर पडले होते. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरत होता. मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली.

त्यांच्या डाव्या हाताला, दोरीला बांधलेली शिशाची गोळी लोंबत असे. भात्यात हवा भरली की ती खाली उतरे, हवा संपत आली की वर चढे.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीच्या शेवटी आवडाबाईंना खोकल्याची उबळ आली. सोनाजी दांडा सोडून धावला. रांजणातून पेला भरून त्यानं बाईंच्या ओठांना लावला.

मास्तरांनी बोटं उचलली नाहीत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गोळी वर चढू लागली. आता ऑर्गन कण्हणार. तेव्हा कण्हला होता तसाच.

गोळी थांबली.

मग हळूहळू खाली उतरली.

आडोशामागं दांडा करकरला. एकदा. पुन्हा एकदा. सोनाजी समोर, बाईंपाशी गुडघे टेकून बसला होता. पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

आणि मागून कुणीतरी गुणगुणलं.

मास्तरांची बोटं त्या आवाजामागं आपोआप चालली. ती ओळ खाली जाईल असं त्यांना वाटलं होतं. ती वर गेली, आणखी वर गेली, आणि नळ्या अशा घुमल्या की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. भीती वाटायला हवी होती. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. आयुष्यभर हा ऑर्गन वाजवूनही त्याच्या पोटात एवढा आवाज आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

ओळ संपली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की गुणगुणणाऱ्यानं मध्ये एकदाही श्वास घेतला नव्हता.

ते उठून मागं गेले. तिथं कुणी नव्हतं. सांडूंच्या शेवटच्या रांगेत चार रेघा होत्या. चौथीवर त्यांनी बोट ठेवलं. बोट काळं झालं.

‘पुंजा,’ बाकावरून आवडाबाईंची हाक आली. आवाजात धाप नव्हती. ‘त्यांना म्हणावं, हात धुवा. घरी जायचंय.’

मास्तर दाराकडं वळले. रांजणाखालची फरशी ओली होती, आणि उंबऱ्याकडं ओघळणाऱ्या पाण्यात कोळशाचं काळं हळूहळू विरत होतं.