तीन ठोके

जुन्या गाडीत पावसाचं पाणी जिथे साचतं तिथून ते कधीच आलेलं नसतं. काचेच्या रबरातून घुसतं, पत्र्याच्या आतून वाहत जातं आणि भलत्याच कोपऱ्यात उतरतं. अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी भागात बंदराच्या मागच्या गल्लीत माझं पत्रेकामाचं वर्कशॉप आहे. एकवीस वर्षं मी हेच करतोय. गाडीत भूत आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी काचेचं रबर दाखवतो.

हे काम मला माझ्या थोरल्या भावाने, खमीसने शिकवलं. याला दोघं लागतात. एकाने आत बसून दारं-काचा लावून घ्यायच्या, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी मारायचं. खालून वर, एकेक जागा धरून. पाण्याच्या आवाजात आतल्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. काचेवर एक ठोका म्हणजे सापडलं, थांब. दोन म्हणजे इथे नाही, पुढे सरक. तीन म्हणजे पाणी बंद कर. आत नेहमी खमीसच बसायचा. या खुणा आमच्या दोघांतच राहिल्या.

आठ हिवाळ्यांपूर्वी खमीस रशीद गावाजवळच्या किनाऱ्यावरून एका मच्छीमार बोटीत बसला. इटलीला जायचं होतं. जाताना त्याने आपल्या क्रीम रंगाच्या जुन्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "कोरडी ठेव तिला. आलो की बघतो," म्हणाला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. बोट पोचली असं कुणी सांगितलं नाही आणि बुडाली असंही नाही. मी मात्र गाडी कोरडी ठेवली. अंगणात ताडपत्रीखाली ती उभी असायची आणि दर शुक्रवारी मी इंजिन चालू करायचो.

दुसरी किल्ली त्याच्या बायकोकडे, नाहेदवहिनीकडे होती. या वर्षी तिने कोर्टात अर्ज केला. इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला मृत ठरवून मिळतं, फक्त अर्जदाराशिवाय घरच्या आणखी कुणाला तरी तशी साक्ष द्यावी लागते. घरचा म्हणजे मी. मी साफ नाही म्हणालो. त्याची गाडी धडधाकट उभी आहे तोवर माझ्या तोंडून ते निघणार नाही, असं मी तिला सुनावलं. वहिनी चाळिशीची, नीटस. तिला दुसरं लग्न करायचं असणार हा किडा माझ्या डोक्यात शिरला होता आणि काही केल्या निघत नव्हता.

नोव्हेंबरात मिकनसा येऊन गेलं. आमच्या अलेक्झांड्रियात हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाचं नाव आणि तारीख ठरलेली असते. मिकनसा म्हणजे झाडू. दुसऱ्या दिवशी मी गाडीचं दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या पायाशी चार बोटं पाणी.

मला वाईट वाटण्याआधी राग आला. माझ्या हातची गाडी गळते म्हणजे काय? सतरंजी काढली, खालचा जाड लोकरी नमदा सोलून काढला, काचेखालच्या खोबणीतली निचऱ्याची भोकं तारेने साफ केली. दारांची रबरं बदलली. विजेच्या तारा जिथून आत येतात तिथलं रबरी बूच नवं घातलं. नमदा वाळला तेव्हा त्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली. समुद्र दोनशे पावलांवर आहे, इथे सगळ्यालाच मीठ धरतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आठवड्याने पुन्हा पाऊस झाला आणि पुन्हा तेवढंच पाणी साचलं.

समोरच्या कॅफेचा मालक अराबी खुर्चीवरून ओरडला, "गाबेर, मासे पाळलेस की काय त्यात?"

"तुझ्या चहापेक्षा बरं पाणी आहे," मी म्हणालो. हसू काही आलं नाही.

तिसऱ्या वेळी मी आत सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली. पाणी कुठूनही आलं तरी पावडरीतून त्याची वाट दिसते, ही जुनी युक्ती आहे. रात्रभर पाऊस झाला. सकाळी पाणी होतंच, पण भोवतालची पावडर जशीच्या तशी होती. छताखाली, काचेखाली, दारांच्या कडांना, कुठेही एक ओघळ नाही.

कुठून आलेलं नाही म्हणजे कुणीतरी ओतलेलं. आणि दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. गाडी कुजली की माझा हट्टही संपला, हा हिशेब मला लगेच कळला. मी वहिनीला बोलावून घेतलं.

"वहिनी, स्पष्टच विचारतो. गाडीत पाणी तुम्ही ओतता?"

"मी? सुएझच्या बसने येऊन बादली ओतून जाते का? माहेरी आईपाशी राहते मी, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"साक्ष हवी आहे तुम्हाला. लग्न करायचं असेल."

"लग्न नाही करायचं भाऊजी," ती म्हणाली. "मला दुखवट्याचं काळं घालायचंय. आठ वर्षं मी कुणाची बायको नाही आणि कुणाची विधवाही नाही. बाजारात रंगीत रुमाल बांधून जाते, बायका माझ्या तोंडाकडे बघतात. मला एकदा पोटभर रडू द्या."

मला लाज वाटायला हवी होती. पण संशय एकदा बसला की बसतो. मी म्हणालो, "मग बसा आत. मी बाहेरून पाणी मारतो. कुठून येतं ते तुमच्याच डोळ्यांनी बघा. दिसलं की काच वाजवा." खुणांचं काही सांगितलं नाही.

ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बॅटरी घेऊन बसली. मी दार लावलं आणि नळ सोडला. सकाळचे अकरा वाजले होते. आभाळ स्वच्छ होतं.

पुढच्या काचेच्या खालच्या कडेला पाणी धरलं. आतून दोन ठोके आले.

माझा हात थबकला. मग मी वरच्या कडेला सरकलो. दोन ठोके.

म्हणजे खमीसने तिला सांगितलं होतं. आमच्या दोघांतली गोष्ट. आणखी काय काय सांगितलं होतं तिला, काय ठाऊक. मी दात आवळून दाराकडे गेलो. दोन ठोके. मागच्या काचेकडे. दोन. ते ठोके कसे पडत होते तेही मला ओळखीचं होतं. पहिला हलका, दुसरा जोरात.

छतावर पाणी धरलं.

तीन ठोके. लगेच पुन्हा तीन. मग नुसती घाई.

मी नळी टाकून धावलो, नळ बंद केला आणि दार उघडलं.

वहिनी पाय वर घेऊन बसली होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काढून घेतलेले बूट. ड्रायव्हरच्या पायाशी पाणी हलत होतं.

"बाहेरून सारखं काय ठोकत होता?" ती म्हणाली. "किती घाबरले मी."

मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. नळाचं पाणी इतकं खारट नसतं.

"वहिनी, ठोक्यांचं काही बोलला होता का खमीस कधी?"

"कसले ठोके?"

मी तिला हात देऊन खाली उतरवलं. मला लहान मुलासारखं रडू येत होतं. दार लावलं, कुलूप घातलं, वहिनीकडची किल्लीही मागून घेतली आणि दोन्ही माझ्या खिशात टाकल्या.

"कोर्टाची तारीख सोमवारी ना?" मी विचारलं.

"सोमवारी. दहा वाजता."

"येतो मी. सांगतो."

तिने ओल्या हातांनी डोक्यावरचा निळा रुमाल सोडला आणि मुठीत धरला. तेवढ्यात मागून आवाज आला. बंद गाडीच्या काचेवर तीन ठोके.

थोडं थांबून पुन्हा तीन.

वहिनीने माझी बाही पकडली. मी नळापाशी गेलो आणि दोन्ही हातांनी तो पिळून बघितला.

नळ बंदच होता.