बूमच्या पलीकडून दोर कोणी धरला?

खोटं वाटलं तर खुशाल हसा. ऐकल्यावर मीही आधी हसलोच होतो.

पण माझा सख्खा मामा थापा मारणाऱ्यातला नाही. त्याने उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. लिफ्टच्या काळोख्या विहिरीत तारांच्या मधे उभं राहून काम करणारा माणूस तो. भुताखेतांचा विषय निघाला की त्याला जांभया येतात.

आणि हे रात्रीही घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. लख्ख उजेडात, उघड्या समुद्रावर... जिथे मामा आणि मामी सोडून तिसरं माणूस असणं शक्यच नव्हतं.

दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली होती. मामी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. नोकरी सोडल्यावर म्हणाली, "आता मला छत नसलेल्या जागी राहायचंय." मामाने मनावर घेतलं. वर्षभरात दोघं बोट चालवायला चांगले शिकले. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, असे त्यांचे फेरे सुरू झाले.

त्या दिवशीही तसेच निघाले होते. वारा मागून होता. मोठं शीड एका अंगाला पूर्ण उघडलेलं. या शिडाच्या खालच्या काठाला एक लांब, जड, आडवी दांडी असते. तिला बूम म्हणतात. मागून वारा असताना हीच बूम जिवावर उठते. बोट जराशी भरकटली आणि वारा शिडाच्या उलट्या बाजूला शिरला, की बूम एका अंगावरून दुसऱ्या अंगाला सपकन फिरते. मधे डोकं आलं तर संपलंच.

म्हणून तिच्या टोकाला एक दोर बांधतात. तो पुढे बोटीच्या नाकापर्यंत नेऊन तिथून मागे आणतात आणि सुकाणूजवळच्या खुंटीला आवळतात. मग बूमची हलायची बिशाद नसते.

मामाने तो बांधला होता. स्वतःच्या हाताने. दोनदा ओढून बघितला होता. लिफ्टवाल्याची सवय.

थोड्या वेळाने सहज खाली लक्ष गेलं...

खुंटी रिकामी होती.

दोर बाजूला पडला होता. नुसता पडला नव्हता. छान गोल वेटोळं करून ठेवला होता.

"अगं, दोर कशाला सोडलास?"

मामी आत चहा ओतत होती. "कुठला दोर?"

"बूमचा. वेटोळं करून ठेवलंस वर."

"मी तर मघापासून इथेच आहे. तुझाच विसराळूपणा असेल."

"मी विसरेन? हा दोर?"

मामीने मान बाहेर काढली. वेटोळ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "अरे, माझं वेटोळं असं नसतं. मी उजवीकडून गुंडाळते. हे डावीकडून आहे."

 मामाने दोर पुन्हा बांधला. या वेळी वर एक जादा गाठ मारली. मामी शेजारी उभी राहून बघत होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"झालं."

चहा झाला. मामी कप ठेवायला आत गेली. दूरवर डोंगराचं खडकाळ टोक दिसायला लागलं होतं. त्याला वळसा घातला की पलीकडे बंदर. मामा सुकाणू धरून त्या टोकाकडे बघत उभा होता.

मागे... दोर सरकल्यासारखा आवाज आला.

अगदी हलका. कोणीतरी सावकाश गाठ सोडवतंय, असा.

त्याला मागे वळायचं होतं. पण त्याच क्षणी एक मोठी लाट बोटीच्या मागच्या बाजूखाली शिरली. बोट तिरकी फिरली. शीड एकदम मलूल झालं. वारा क्षणभर थांबला.

आणि मामाच्या मानेवर हात पडला.

गार. ओला. आणि जोरात.

त्या हाताने त्याला खाली दाबलं. गुडघे टेकेपर्यंत.

बूम त्याच्या डोक्यावरून गेली. त्याच्या केसांना तिचा वारा लागला, एवढ्या जवळून. डोलकाठीला आधार देणाऱ्या पलीकडच्या तारांवर जाऊन ती आदळली. कानठळ्या बसल्या. सगळी बोट हादरली.

बूम मधोमध मोडली होती.

मामी धावत वर आली. "लागलं का? बोल ना! लागलं का तुला?"

"नाही." मामाचा हात मानेवर होता. बोटं ओली झाली. जिभेला लावून बघितली. खारट.

"देवा रे, वाकलास म्हणून वाचलास."

मी वाकलो नाही, असं तो म्हणणार होता. पण त्याची नजर खुंटीकडे गेली.

रिकामी... आणि शेजारी दोराचं वेटोळं.

मामीनेही ते बघितलं. 

विचार करायला वेळ नव्हता. वारा बोटीला सरळ खडकांकडे नेत होता. इंजिन सकाळपासून रुसलं होतं. मामाने पुन्हा पुन्हा चावी फिरवली. खोकून बंद. पुढच्या छोट्या शिडावर बोट फक्त वाऱ्यामागे वाहत गेली असती. टोकाला वळसा घालायचा तर मोठं शीड हवं. आणि मोठ्या शिडाला बूम हवी.

"मोडलेलं हाड कसं बांधतात?" मामाने विचारलं.

"फळी लावून," मामी म्हणाली. "झोपायच्या बाकाखालच्या फळ्या उचकटून आणते. तू शीड उतरव."

ती आत गेली. मामाने शीड उतरवून बूमपलीकडे त्याचा ढीग केला. ॲल्युमिनियमची ती जाड नळी फाटून तिच्या कडा दातांसारख्या बाहेर आल्या होत्या. त्याने दोन्ही तुकडे केबिनच्या टपावर ओढून टोकाला टोक लावलं. मामीने पहिली फळी वर सरकवून दिली आणि ती दुसरीच्या मागे लागली. मामाने फळी मोडलेल्या जागेवर आडवी धरली. आता दोन्ही हात अडकलेले. नजर कामावर.

त्याने फळी कोपराने दाबून एक हात मागे केला.

"दोर."

दोर तळहातावर आला.

मामाला एवढंच जाणवलं की आज मामीने तो हळूच ठेवला. एरवी तिची थिएटरमधली सवय. पकड असो की चमचा, हातात असा आपटून देते की चटका बसावा. पण त्याला कुठे फुरसत होती! त्याने दोराचा वेढा घातला आणि टोक बूमवरून पलीकडे टाकलं.

"घट्ट धर."

पलीकडून दोर ताणला गेला.

"अजून ओढ."

अजून ओढला गेला. फळी बूमला गच्च चिकटली. वेढ्यावर वेढा बसत गेला. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज आता स्पष्ट येत होता. मामा घामाघूम झाला होता. पण काम झकास चाललं होतं. तो टोक टाकायचा, पलीकडून परत यायचं. न सांगता. न चुकता.

"शाबास," तो म्हणाला. "आता एवढा शेवटचा ताणून धर."

धरला.

आणि तेवढ्यात... खालून, केबिनच्या आतून मामीचा आवाज आला.

"अरे, ही दुसरी फळी काही हलत नाहीये! जरा येतोस का खाली?"

मामाचे हात जागच्या जागी थिजले.

दोर तसाच ताणलेला होता.

त्याने हळूहळू मान वर केली. दोर बूमवरून पलीकडे जात होता. शिडाच्या ढिगावरून पुढे... आणि हवेत संपत होता. तिथे कोणी नव्हतं. ताणलेल्या टोकातून पाणी ठिबकत होतं. टप... टप...

मामाला ओरडायचं होतं.  पण दोर सोडावा तर सगळं बांधलेलं उलगडलं असतं.

मग त्याने काय केलं असेल?

त्याने वेढा पूर्ण केला. गाठ मारली. आणि कसाबसा बोलला, "झालं... आता सोड."

दोर सैल पडला.

मामी दुसरी फळी घेऊन वर आली तेव्हा तो तिथेच बसून होता.

"एवढं सगळं एकट्याने बांधलंस?"

"तू धर इकडून," मामा म्हणाला. "आणि माझ्या नजरेसमोर राहा."

तिने निमूटपणे दुसरा दोर धरला. दुसरी फळी बसली. शीड अर्ध्याहून कमी उघडलं, बांधलेल्या बूमवर ताण नको म्हणून. फळ्या करकरल्या, पण टिकल्या. बोट जीव खाऊन वळली. खडक इतके जवळून गेले की त्यांच्यावरचं शेवाळ दिसलं. दिवेलागणीला दोघं बंदरात पोचले.

धक्क्याला बोट बांधल्यावर मामी म्हणाली, "एक विचारू? मी आत फळी काढत होते तेव्हा टपावर पावलं वाजत होती. तू इकडून तिकडे फिरत होतास ना?"

मामा सगळा वेळ गुडघ्यांवर बसून होता.

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती रात्र त्यांनी धक्क्यावरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर काढली.

दुसऱ्या दिवशी बूम बघायला कारागीर आला. म्हाताऱ्याचा हात कामात बसलेला. फळ्यांभोवतीचा दोर सोडायला त्याने टोक शोधायला सुरुवात केली. एका बाजूने बघितलं. दुसऱ्या बाजूने बघितलं. चष्मा काढून पुसला.

"साहेब, हा मागचा दोर सुटतो. पण या पुढच्या दोराला टोकच नाही."

"टोक नाही म्हणजे? गाठ मी मारलीये."

"दाखवा कुठेय."

पुढचा म्हणजे पहिल्या फळीचा दोर. मामाने गाठ शोधली. मामीने शोधली. वेढ्यामागून वेढा जात होता आणि स्वतःलाच येऊन मिळत होता. शेवटी कापावा लागला.

आत काय दिसलं? बूमच्या पोटात एक जुना जोड. आधीही बूम बरोबर त्याच जागी मोडली होती आणि कोणीतरी बेमालूम सांधून वरून रंग दिला होता.

मामाने बोट विकणाऱ्याला फोन लावला. तो आधी कानावर हात ठेवत होता. मामाने दोराचं सांगितलं. तेव्हा त्याने विचारलं, "या वेळी बाई सुखरूप आहेत ना?"

"आहे. का?"

फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

तुम्ही म्हणाल, बोट विकून टाकली असेल. मीही तेच म्हणालो. मामा म्हणाला, "कोणाला विकू? काय सांगून विकू?"

आणि त्याला आणखी एक गोष्ट सतावते. दोर सोडणारा आणि मानेवर हात ठेवून वाचवणारा... एकच होता का? की तिथे दोघं होते?

नवी बूम बसली. ते पुन्हा जायला लागले. फक्त एक बदल झाला. मामाला मामी पहिल्यापासून अरे-तुरे करते. पण शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगाला घ्यायची वेळ आली की ती पुढे बघून मोठ्याने म्हणते, "डोकं सांभाळा हं!"

मामा तिच्या शेजारीच उभा असतो. कोणाला म्हणतेस, असं त्याने कधी विचारलं नाही.

गेल्या खेपेला ती म्हणायची राहिली. गप्पांच्या नादात. मामाने सुकाणू वळवलं. बूम निघाली, आणि बरोबर मधोमध येऊन थांबली.

वारा भरपूर होता. दोर सगळे सैल होते. शीड फडफडत होतं. तरी बूम तिथेच...

कोणीतरी धरून ठेवल्यासारखी.

मामीचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत बूम तशीच थांबून राहिली.

"डोकं... सांभाळा."

मग बूम हलली. अगदी सावकाश पलीकडे गेली.