महादेवीच्या छातीतली तार

"ताई, पोरगी पुन्यांदा चक्कर यून पडली," दूध सोसायटीचा सेक्रेटरी वीरभद्र सकाळी फोनवर एवढंच बोलला आणि रतनबाई तशीच निघाली. ती गावची आशाताई. त्याच्या लेकीच्या, नऊ वर्षांच्या महादेवीच्या छातीत पेसमेकर बसवायला वर्षामागं तीच सोबत गेली होती.

शहरातल्या दवाखान्यात कळलं, पेसमेकरची तार तुटलीय.

"वाढत्या अंगात तार ताणली जाते," डॉक्टर म्हणाले. "पण ही गळ्याजवळच्या हाडाखाली रगडून तुटलीय. हात रोज जोरानं वरखाली होत असणार. गुरुवारी नवी घालू. कारण सापडलं नाही तर तीही तुटेल. तिसरीला शिरेत जागा उरेल की नाही, सांगता येत नाही."

वीरभद्रानं गुन्हेगार केव्हाच ठरवून टाकला होता. "आमच्या सोसायटीतला बंकटच. दूध तपासायच्या मशीनपशी बसवायचा तिला. करंट बसला असंल."

"करंटनं तार रगडत नसती भाऊ."

रतनबाईनं पोरीचा हात उलटा केला. बोटांच्या मुळाशी पिवळे घट्टे.

"हे कशाचं गं?"

महादेवीनं मूठ मिटली. "आज्जीला विचारू नका."

त्याच दुपारी रतनबाई वीरभद्राला घेऊन गावी आली. पाटोद्याकडच्या त्या गावात टँकर पाच दिवस फिरकला नव्हता. वीरभद्राच्या दारातला टँकरच्या पाण्याचा बॅरल तळाला गेलेला. देवघरात मात्र तांब्याची कळशी काठोकाठ भरलेली.

"आजी, पाणी कोण भरतं?"

"सून, टँकरचं," वीरभद्राची आई, मल्लम्मा आजी म्हणाली. "पोरीला आमी काडी उचलू देत न्हाई. पळू देत न्हाई, खेळू देत न्हाई."

रतनबाई परसातल्या आडावर गेली. रहाट कधीच मोडलेला. जुन्या दोराला नायलॉनचे दोन नवे तुकडे गाठी मारून जोडलेले, आणि खालचा तुकडा ओलाच.

ती परत येऊन ओसरीवर बसली.

"बंकटचा काही दोष न्हाई, भाऊ. टँकर न्हाई, तरी कळशी भरलेली. म्हंजी पाणी आडातलं. पाणी खाली गेलं तसा दोर लांबत गेला. पोरीच्या हाताला त्या दोराचे घट्टे हायत. आजी, लिंगपूजेला टँकरचं पाणी तुमाला चालत न्हाई. व्हय ना?"

आजीनं देवघराकडं पाहिलं.

"शिवरातीला नवस बोलले," ती म्हणाली. "कुमारिकेनं सवता शेंदलेल्या पाण्यानं रोज पूजा करीन, पोरीचं काळीज नीट व्हऊ दे. बोलून दाखवला तर नवस फळत न्हाई म्हून पोरगी नि मी गप होतो."

"डॉक्टरांनी बजावलं होतं, हातानं ओढायचं काम देऊ नका."

"देवाचं पाणी म्हंजी काम थोडंच हाय, बाई?"

वीरभद्र उठून आडाकडं गेला.

"म्हंजी मीच तोडली?" आजीनं रतनबाईला विचारलं.

रतनबाईला नाही म्हणावंसं लई वाटलं. पण गुरुवारी नवी तार बसणार होती. "व्हय आजी," ती म्हणाली.

म्हातारी उठली. आडावरचा दोर सोडून तिनं रतनबाईच्या मांडीवर ठेवला. मग तांब्या घेऊन बॅरलशी गेली आणि तळाचं गढूळ पाणी खरवडून पूजेला घेतलं.